शिंपीण राणीची अडलेली कहाणी

“गहू घेतले का सगळ्यांनी मुठीत?” मी विचारलं.

“घेतले,” ओट्यावरून एकदम आवाज आला.

“उजव्या?”

“उजव्याच. तू सुरू कर गं ठकू, पोटात कावळे ओरडायला लागले,” कौसाबाई म्हणाली. कौसाबाईला उपास असला की सकाळपासूनच कावळे ओरडायचे.

नवरात्रातली सातवी माळ होती. गल्लीचा घट मंजुळाबाईच्या ओट्यावर बसायचा, कारण ओटा म्हणावा असा तेवढाच एक. घटाभोवती पिवळे कोंब बोटबोट वर आलेले, आणि त्याच्यापुढं अंगाला अंग लावून बसलेल्या सवाष्णी. मी ओट्याखाली, पायरीला टेकून. माझं कपाळ मोकळं. मोकळ्या कपाळाच्या बाईला घटाचे गहू द्यायचे नाहीत, ही रीत. कहाणी मात्र तिच्याच तोंडून ऐकायची, कारण सगळ्या माळांच्या कहाण्या येत असलेली सोनाआजी वारली आणि जाताना त्या माझ्या ओटीत टाकून गेली. म्हणजे मी तसं सांगितलं होतं. तिनं टाकल्या होत्या निम्म्याच. बाकीच्या मी रचल्या, आणि देवीनं कधी तक्रार केली नाही.

आणखी एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कहाणी सुफळ होईपर्यंत मूठ उघडायची नाही, जागचं उठायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. कुणी मोडलं तर घट करपतो. आणि कहाणी सांगणारीला मधेच कुणी हात लावायचा नाही.

माझ्या मागं अंगणात आमच्या संघटनेच्या बाया बसल्या होत्या. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणाचा नवरा परागंदा झालेला, कुणाचा मेलेला. एकेकीच्या मांडीवर एकेक सूप पालथं.

“सुपं कशाला आणली गं?” मंजुळाबाईनं येताना विचारलं होतं.

“चित्रं आहेत, कहाणीतली. तुमच्या ओट्यावर नाही आणत. खालूनच दाखवू.”

मंजुळाबाईनं मान हलवली. उंच, हाडांनी रुंद बाई, बोलायला कंजूष. सगळी गल्ली तिला टरकून असायची. तिची नजर माझ्यावरून फिरून अंगणाच्या फाटकाशी गेली आणि तिथंच थांबली. फाटकात एक पाय आत, एक बाहेर अशी चांगुणा उभी होती. तिची सून. होती म्हणायचं. शेवटचं सूप तिनं छातीशी धरलं होतं.

चांगुणाला पोपटनं हाकललं होतं. पोपट म्हणजे मंजुळाबाईचा लेक. मूल होत नाही हे कारण गावाला सांगितलेलं. चांगुणा उलट बोलायची हे खरं कारण. अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर काढली, आणि तिच्या बापानं लग्नात दिलेलं शिलाई मशीन आतल्या खोलीत कुलूप घालून ठेवलं. तिच्या हातात मशीनची कला होती, पण पायाखाली मशीन नव्हतं. उसाच्या टोळीचा मुकादम तिला म्हणाला होता, दसरा झाला की ट्रक निघंल, येतीस का? चांगुणानं हो म्हटलं नव्हतं आणि नाही म्हणायला तिच्याकडं काही नव्हतं. तिच्या छातीत दम्याची घरघर होती. उसाच्या फडात ती एक हंगाम काढती की नाही, याचीच मला शंका होती.

मशीन मागायला आम्ही गेलो नव्हतो असं नाही. चौकीत गेलो. तिथले म्हणाले, घरातलं भांडण घरात मिटवा. मग नाशिकहून मोपेडवर येणाऱ्या आमच्या वासंतीताईंनी पथनाट्य बसवलं. आठवड्याच्या बाजारात केलं. लोकांनी भजी खात खात बघितलं, नवरा बायकोला मारतो तिथं सगळ्यात जास्त हसले, आणि शेवटी टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या पुष्कळ पडल्या,” घरी येताना चांगुणा म्हणाली. “मशीन काही पडलं नाही.”

तेव्हा मी म्हटलं, हे माझ्या कहाणीत घालू.

वासंतीताईंनी कपाळाला हात लावला. “ठकूबाई, या व्रतांनीच बायकांना बांधून घातलंय. आपण ती मोडायला निघालोय, आणि तुम्ही—”

“मोडा की. पण ताई, बाजारात माणसं येतात, बघतात, उठून जातात. घटापुढं बसलेली बाई उठत नाही. तिला उठताच येत नाही.”

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गेरू, चुना आणि काजळ आणलं, आणि कुणाच्या सुपावर काय काढायचं यावर आमची भांडणं सुरू झाली.

तर ती सातवी माळ. मी घसा साफ केला.

“एक राज्य होतं. राज्यात एक राणी होती. जातीनं कोण होती विचारू नका, हातानं शिंपीण होती.”

“बरं,” ओट्यावरून हुंकार आला.

“आभाळ फाटलं की राणी शिडी लावायची, दातांत दोरा धरायची, आणि ढगाला ठिगळ लावून खाली यायची.”

“बरं.”

“पुरात नदी उसवली की दोन्ही काठ ओढून टाके घालायची. आपल्या नदीला उन्हाळ्यात अजून ते टाके दिसतात.”

“दिसतात की! खडकापाशी!” कौसाबाई म्हणाली. “मी म्हणतच होते, ते काय असंल म्हणून.”

अंगणातलं एकेक सूप वर उठत होतं. शिडीवरची राणी, नदीतली राणी. गेरू-काजळानं काढलेलं, हातपाय वेडेवाकडे, पण राणीच्या हातातली सुई प्रत्येक सुपावर चुन्यानं चमकत होती.

“एके दिवशी राजाचं डोकं फिरलं. म्हणाला, तू चालती हो. सुई मात्र इथंच राहील.”

“का गं?”

“राजाला ‘का’ विचारतात का? राणी गेली. आणि राज्य उसवायला लागलं. आधी बांध उसवले. मग घरांच्या भिंती छपरापासून सुटल्या. मग राजा दरबारात उभा राहिला, सगळे मानकरी बघताहेत, आणि त्याचं धोतर—”

सूप वर उठलं. त्यावरच्या राजानं धोतर दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि मिशीला वर असा आकडा काढला होता की ओटा हसून हसून हलायला लागला.

“मिशी वळखीची दिसतीय,” कुणीतरी म्हटलं.

“गप. देवीची कहाणी हाय.”

सगळ्या हसत होत्या, पण एक ‘बरं’ कमी झालं होतं. मंजुळाबाईचं. मी तिच्याकडं बघितलं नाही. मी हात वर केला, आणि चांगुणा फाटकातून आत आली. अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं सूप फिरवलं. त्यावर बंद दार होतं. दारापुढं राणी. आणि दारात राणीची सासू, उंच, हाडांनी रुंद, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“राणी म्हणाली, सासूबाई, मला राज्य नको. महाल नको. राजा तर नकोच नको. माझ्या बापानं दिलेली सुई तेवढी द्या. आणि सासूबाईंनी...”

मी थांबले.

“सासूबाईंनी काय?” कौसाबाई पुढं झुकली.

“ठाऊक नाही.”

“म्हणजे?”

“सोनाआजी इथवर आली आणि तिला ढास लागली. पुढचं राहूनच गेलं.”

“मग तू रच काहीतरी.”

“देवीच्या कहाणीत? मी?” मी कानाला हात लावले. “जिच्या घरी घट, तिनं पुरी करायची. तशी रीतच आहे.”

“ही रीत कधी निघाली?” मंजुळाबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“जुनी आहे,” मी म्हटलं. ती सकाळीच निघाली होती, मोपेडवर वासंतीताईंच्या मागं बसले असताना.

मंजुळाबाईनं ओठ मिटले, मूठ मांडीवर ठेवली, आणि समोरच्या लिंबाकडं बघत बसली. बसली ती बसलीच.

ऊन ओट्यावरून उतरलं. अंगणात आलं. भिंतीकडं सरकलं.

“मी उघडते बाई मूठ,” शेवटी कौसाबाई म्हणाली. “घरी भाकरी थापायच्यात.”

“उघड की. वरच्या वाडीत एकीनं अशीच उघडली होती. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा बोकडासारखा बें बें करायला लागला.”

“माझा आत्ताच करतो,” कौसाबाई म्हणाली. पण मूठ तिनं दुसऱ्या हातानं आणखी घट्ट आवळली.

मग पुरुष यायला लागले. आधी एकजण आला, चुलीत जाळ नाही म्हणून. मग दुसरा आला. मग लहानू गवळी धावत आला.

“अगं ए, ऊठ! म्हशीनं गोठा डोक्यावर घेतलाय.”

“तुम्ही काढा की धार,” त्याची बायको ओट्यावरून म्हणाली.

“ती मला हात लावू देत नाही.”

“मग तिला कळतंय म्हणायचं,” कुणीतरी मागून म्हणालं, आणि उपाशी ओटा पुन्हा हसला.

तेवढ्यात गर्दी दोहोंकडं झाली आणि पोपट आत आला. मिशी होती तशीच, आकडेबाज.

“काय तमाशा लावलाय? आई, ऊठ तू.” आई हलली नाही. तो माझ्याकडं वळला. “ए ठके, तुझी जीभ—”

“पोपट, पोपट,” लहानूनं त्याचा दंड धरला. “कहाणी मोडू नको, पाया पडतो. बायका मग उद्यापत्तूर मुठी उघडायच्या नाहीत.”

पोपटनं दंड सोडवला. अंगणाच्या मधे चांगुणा दिसली.

“तू कुणाला विचारून अंगणात आलीस?”

“मी न्हाई आले,” चांगुणा म्हणाली. “राणी आलीय. मी नुसतं सूप धरलंय.”

तिची घरघर मला पायरीपर्यंत ऐकू येत होती. सूप मात्र तिनं तसूभर खाली घेतलं नाही.

मागं आमच्या बायांत बसलेल्या वासंतीताई माझ्या कानाशी वाकल्या. “ठकूबाई, ही म्हातारी दगड आहे हो. आपल्यालाच थकवून टाकील. पोरीचं काय करायचं?”

खरं सांगते, तेव्हा मलाही भीती वाटायला लागली होती. कहाणी मी पुष्कळ वेळा लांबवली होती, पण अशी अर्ध्यावर टांगून कधी ठेवली नव्हती. ओट्यावरच्या बायांचे ओठ सुकले होते. मंजुळाबाईचा तर नऊ दिवसांचा कडक उपास; कहाणी संपल्यावर दूध घ्यायची तेवढंच. तिला घेरी आली असती तर गल्लीनं मला उभी जाळली असती.

“ते सूप वर आण,” मंजुळाबाई म्हणाली.

चांगुणा जागची हलेना.

“बहिरी झालीस का? वर आण.”

चांगुणा पायऱ्या चढली. हाकलल्यापासून त्या पायऱ्यांवर तिनं पाय ठेवला तो तेव्हाच. मंजुळाबाईनं डाव्या हातानं सूप धरलं, लांब केलं, जवळ आणलं.

“मी एवढी जाड हाय का गं?”

हसायची कुणाची छाती झाली नाही.

“नाक बरं जमलंय. पण किल्ल्या चुकल्या.”

“कशा?” चांगुणानं विचारलं.

“माझ्या कमरेला किल्ल्या कधी बघितल्यास? एवढी वर्षं नांदलीस माझ्या घरात. एकदा तरी बघितल्यास?” ती सुपाशीच बोलल्यासारखी बोलत होती. “गुळाचा खडा काढायचा तर आधी ह्याच्या बापापुढं उभी राहायची. तो अंथरुणाला खिळला, आता ह्याच्यापुढं राहते. त्या खोलीत माझ्या आईचं तांब्याचं घंगाळ हाय. माझ्या मयतीला पाणी तापवतील तेव्हा बाहेर निघंल. आणि तुम्ही किल्ल्या लावल्या मला.”

ओट्यावर कुणी ‘बरं’ म्हटलं नाही. कौसाबाईचा डावा हात नकळत आपल्या कमरेकडं गेला आणि तिथं काही नाही बघून परत आला. मी सगळ्या गल्लीच्या घरांच्या कहाण्या रचणारी बाई. किल्ली कुणाकडं असते, एवढं मला बघायला सुचलं नव्हतं.

“कहाणी माझ्या घटाची ना? मग मीच सांगते,” मंजुळाबाईनं मान वर केली. “सासू म्हणाली, सुई तुझी हाय. दार माझ्या हातात न्हाई. आपण दोघी मिळून राजाला हाक मारू.” आणि तिनं मारली. “पोपट!”

“आई, घरात चल. लोक बघताहेत.”

“किल्ली.”

“अगं, नव्या सोयरिकीच्या लोकांना मी सांगून बसलोय—”

“काय सांगून बसलास? घरात शिलाईचं मशीन हाय म्हणून? आणि चालवणारी हाकलली, ते सांगितलंस का?”

“मी देणार नाही.”

“नको देऊस,” मंजुळाबाई म्हणाली. “माझा उपास हाय. मूठ झाकलेली हाय. मी बसते.” आणि तिनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

कुठूनतरी लहानूची म्हैस हंबरली. तिला दुसऱ्या गोठ्यातली ओ देऊ लागली. मग तिसरी. मी पुष्कळ थापा मारते, पण गल्लीतल्या साऱ्या म्हशी त्या संध्याकाळी एका सुरात ओरडल्या, यातलं अक्षरही खोटं नाही.

“दे ना बाबा,” लहानू म्हणाला.

“तुमचं काय जातंय मधे बोलायला?”

“आमचं जेवण जातंय,” मागून एकजण म्हणाला. “लेकरं सकाळपासून मुरमुऱ्यांवर हायेत.”

“मशीन तिच्या बापानं दिलं, सगळ्या गावानं वरातीत बघितलंय. मी स्वतः बैलगाडीतून उतरवलं होतं,” तिसरा म्हणाला. आता बघा, हाच माणूस बाजारातल्या नाटकाला सगळ्यात मोठ्यांदा हसला होता.

पोपटनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आपल्या बाजूचं एखादं तोंड शोधत होता बहुतेक. मग त्यानं सदऱ्याखाली हात घातला. किल्ली करदोट्याला होती, आणि गाठ सुटेना. तो ओढतोय, घामाघूम होतोय, आणि सारी गल्ली श्वास धरून त्याच्या पोटाकडं बघतीय. शेवटी लहानूनं कनवटीचा अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तसा करदोटा कातरला.

पोपटनं किल्ली ओट्यावर फेकली. ती वाजत वाजत चांगुणाच्या पायाशी आली.

चांगुणा वाकली नाही.

“हातात द्या,” ती म्हणाली.

“घ्यायची तर घे, नाहीतर—”

“हातात द्या.”

मंजुळाबाईनं डोळे न उघडता म्हटलं, “ऐकलंस ना काय म्हणाली ती?”

पोपट पायऱ्या चढला आणि वाकला. मी त्याच्या बारशाला जेवले होते. त्याला असं वाकलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यानं किल्ली उचलली आणि चांगुणाच्या तळहातावर ठेवली.

आतल्या खोलीचं कुलूप कुरकुरलं. वासंतीताई आणि चांगुणा मशीन दोन्हीकडून धरून ओट्यावर घेऊन आल्या. वर पोतं टाकलेलं, पायडलात उंदरांनी कागद कुरतडून घर केलेलं. चांगुणानं पोतं ओढलं आणि हातानं चाक फिरवलं. ते आधी अडलं, मग सुईचा दांडा कुरकुरत वर गेला, खाली आला.

“राणीला सुई मिळाली,” मंजुळाबाई म्हणाली. “कहाणी सुफळ.”

मुठी उघडल्या. बोटं सरळ होईनात म्हणून बायका एकमेकींची बोटं सोडवत होत्या, हसत होत्या, विव्हळत होत्या. गहू घामानं भिजले होते. मंजुळाबाईच्या मुठीतल्या गव्हांना मोड आले होते, हे मी शपथेवर सांगते; कौसाबाईला विचारा, तीही सांगेल. मग ओटा असा रिकामा झाला की जणू कुणी झाडूनच काढला, आणि गल्लीभर चुली पेटल्या.

मशीन आम्ही डोक्यावरून संघटनेच्या खोलीत नेलं; कुलपातली किल्ली मागं पोपटनं पुन्हा काढून घेतली. खोलीत ठेवल्यावर चांगुणानं उंदराचं घर उचलून बाहेर फेकलं, फडकं घेतलं, आणि पुसत पुसत रडली. वासंतीताई तिला तेल देत होत्या, मी दोरा ओवत होते, आणि सुईच्या नाकात तो मला काही जाईना.

दसरा झाला. मुकादमाचा ट्रक चौकात येऊन भोंगा वाजवायला लागला. कुणाकुणाची बिऱ्हाडं चढत होती, वर भांडी, लेकरं, शेळ्या. चांगुणा खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“माझी वाट बघू नका,” तिनं ओरडून सांगितलं. “मला काम हाय.”

तिला काम नव्हतं. दसऱ्याचे कपडे सगळ्यांनी आधीच शिवून घेतलेले, आणि टाकलेल्या बाईकडं खण द्यायचा की नाही, याचा गल्लीत अजून विचार चालला होता. ट्रक गेला. ती आत येऊन मशीनपुढं बसली, हात मांडीवर घेऊन.

दुपार कलताना दारात सावली पडली. उंच, हाडांनी रुंद. मंजुळाबाई आत आली, आमच्या भिंतीवर टांगलेल्या सुपांकडं तिनं एकदा बघितलं, आणि पदराखालून एक हिरवा खण काढून मशीनवर ठेवला.

“झंपर शीव.”

“शिवते,” चांगुणा म्हणाली. सासूला पूर्वीसारखं ‘आत्या’ म्हणावं की नाही, हे तिला ठरवता येईना. तिनं नुसती टेप उचलली.

“आतून खिसा लाव.”

“झंपराला?”

“झंपराला. डाव्या अंगाला. वरनं दिसता कामा नये.”

“कशाला हो आतनं खिसा?” मला राहवलं नाही.

“किल्लीला.”

चांगुणाच्या हातातली टेप थांबली. “दिली त्यांनी?”

“अजून न्हाई,” मंजुळाबाई म्हणाली, आणि मापासाठी दोन्ही हात वर करून उभी राहिली. “तू खिसा लाव.”

“केवढा लावू?”

“चांगला खोल.”